एक्केचाळिसावा विद्यार्थी

मला कुणी मत विचारलं की माझा तोल जातो. कारण सरळ आहे, सवय नाही. शाळेच्या ऑफिसात मी एकोणीस वर्षं क्लार्क आहे. तिथे मला शिक्का कुठे आहे ते विचारतात. घरी मला "दूध आणलंत का?" असं विचारतात, आणि ते काही मत नव्हे. त्यामुळे त्या मंगळवारी संध्याकाळी जेवणाच्या टेबलाशी बसलेलो असताना एका टॅबने मला अत्यंत नम्रपणे "आपले मत मोकळेपणाने मांडा" असं म्हटलं, तेव्हा मी ते मांडलं. चांगलं मोकळेपणाने मांडलं. पुढे जे घडलं त्याला तो टॅबच जबाबदार आहे असं मी आजही मानतो. (हे मत मात्र मी घरात मांडलेलं नाही.)

थोडं मागून सांगतो.

आमची ही त्याच शाळेत नववीला गणित शिकवते. फाटकातून आत शिरलं की ती मॅडम आणि मी ऑफिसकाका. तिच्या रजेचा अर्जसुद्धा मी दोन प्रतींत मागून घेतो. तिची हत्यारं तीन. फळा, खडू आणि हातभर लांबीचा लाकडी कंपास. त्याच्या एका पायात खडू अडकवून ती फळ्यावर एका झटक्यात असं वर्तुळ काढते की पुसायची पाळी आलेलं मूल हळहळतं. (असं ती सांगते. मी वर्गात कधी गेलो नाही. मला भागाकाराची अजून भीती वाटते.)

त्या वर्षी आमच्या संस्थेच्या अध्यक्षबाईंनी तंत्रज्ञान मनावर घेतलं. आधी चाळीस टॅब आले. मग बाईंनी बैठक बोलावून सांगितलं की नववीचं गणित यापुढे पडद्यावरचे एक सर शिकवतील. त्यांचे तास आधीच रेकॉर्ड झालेले आहेत. वर्गातला फळा काढायचा, त्या जागी पडदा लावायचा आणि मॅडमनी मागे बसून हजेरी घ्यायची. हे ऐकल्यावर सगळे शिक्षक आपापल्या नखांकडे बघायला लागले. ही तेवढी उभी राहिली.

"मुलांना विचारा," ती म्हणाली. "शिकायचं त्यांना आहे. त्यांना पडदा हवा असेल तर फळा मी माझ्या हातानं उतरवून देईन."

बाई म्हणाल्या, ठरलं. शुक्रवारी मी येते, तोवर मुलांचं मत घेऊन ठेवा. बैठकीचा वृत्तांत मी लिहीत होतो. हिचं वाक्य मी शब्दन् शब्द उतरवलं आणि खाली सगळ्यांच्या सह्या घेतल्या. म्हणजे तिला माघार घ्यायला जी काही फट राहिली असती ती तिच्या नवऱ्यानेच बुजवली, तीही सुवाच्य अक्षरात.

मत गोळा करायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. विषय होता 'शिक्षणातील तंत्रज्ञानाबाबत विद्यार्थ्यांचा दृष्टिकोन'. फॉर्म बनवला संगणकसरांनी. हा पोरसवदा, सज्जन माणूस. स्टाफरूममध्ये त्याला 'अपडेट' म्हणतात, कारण काहीही बिघडलं की तो "अपडेट होतंय" म्हणतो आणि चहाला जातो. त्याने एक टॅब माझ्या हातात दिला आणि समजावून सांगितलं, "काका, घरी नेऊन एक फॉर्म भरून बघा. ट्रायल म्हणून. मग डिलीट करा. उद्या या टॅबवरचं सगळं मी बाकीच्या एकोणचाळीस टॅबवर जसंच्या तसं चढवतो."

ट्रायल आणि डिलीट. दोनच शब्द, आणि दोन्ही मला समजले होते. (पहिला जरा जास्त.)

आता त्या संध्याकाळी पलंगावर एक ओला टॉवेल होता. कुणी ठेवला या तपशिलात मी जात नाही, घरात आम्ही दोघंच राहतो. ही आतून त्या टॉवेलविषयी बोलत होती. तिची शिकवायची एक पद्धत आहे. कुठलीही गोष्ट ती तीनदा सांगते. एकदा सगळ्यांसाठी, एकदा मागच्या बाकांसाठी आणि एकदा उजळणी म्हणून. आमच्या घरात एकच बाक आहे आणि त्यावर मी एकटाच असतो, तरी तीनदा.

दुसरी फेरी सुरू असताना मी फॉर्म उघडला. हजेरी क्रमांक टाकल्याशिवाय तो पुढे जाईना. नववीत मुलं चाळीस, तेव्हा कुणाच्या नावावर जायला नको म्हणून मी एक्केचाळीस टाकला. (बघा, इतका मी जबाबदार माणूस.) मग प्रश्न. शिक्षकांऐवजी पडद्यावरून शिकायला आवडेल का? पूर्णपणे सहमत. कारण? पडदा बंद करता येतो. आणि मग आली ती मोठी, पांढरीशुभ्र, रिकामी चौकट. मोकळेपणाने मांडा. मी मांडलं ते असं:

"मॅडम एकच गोष्ट तीनदा सांगतात. पहिल्यांदाच समजलेलं असतं. पडद्यावर आवाज कमी करायची सोय असते, मॅडमना ती नाही. ओल्या टॉवेलसारख्या साध्या विषयावर त्या पाऊण तास बोलू शकतात. निदान मध्ये थांबवायचं बटण तरी असावं. चहा गार होतो."

लिहून झाल्यावर मी ते परत वाचलं. बावीस वर्षांच्या संसारात माझं सलग सहावं वाक्य पुरं होण्याची ही पहिलीच वेळ होती. डोळे भरून आले. तेवढ्यात आतून आवाज आला, "अहो, ऐकताय ना?" आणि मी घाबरून टॅब बंद केला.

दुसरा शब्द राहून गेला.

बुधवारी तिसऱ्या तासाला मुलांनी फॉर्म भरले. चार मिनिटांत. हेडसर भारावून गेले. आपल्या वेळी पेन सापडायलाच चार मिनिटं लागायची, असं ते मला दोनदा म्हणाले.

गुरुवारी दुपारी मी ऑफिसच्या संगणकावर निकाल उघडला. उत्तरांची वाटणी दाखवणारं एक गोल चित्र येतं, त्यात वेगवेगळ्या रंगांच्या फोडी असतात असं अपडेटने सांगितलं होतं. मला फोडी दिसेनात. अख्खा गोळा एकाच रंगाचा. पडद्यावरून शिकायला आवडेल का? चाळीसपैकी चाळीस, पूर्णपणे सहमत. पुढच्या प्रश्नाला तेच, त्याच्या पुढच्याला तेच. इतकं निर्दोष वर्तुळ हिच्या कंपासानेसुद्धा निघालं नसतं. मला धक्काच बसला. इतकी नावडती आहे ही वर्गात? मग मी मतं उघडली.

पहिल्या मतात ओला टॉवेल होता. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, आणखीही एका घरात हा विषय आहे. दुसऱ्या मतातही टॉवेल होता. तिसऱ्यातही चहा गार होत होता. सातव्या मतापर्यंत येता येता माझेच हातपाय गार पडले. चाळीस मतं, सगळी माझी, स्वल्पविरामासकट. आणि चाळीसच्या चाळीस मुलांचा हजेरी क्रमांक, एक्केचाळीस.

अपडेटने माझ्या टॅबवरचं सगळं खरंच जसंच्या तसं चढवलं होतं. माझ्या मतासकट. पण मुलांनी ते बदललं कसं नाही, हे मला कळेना.

मागे खाकरल्याचा आवाज आला. हेडसर माझ्या खांद्यावरून वाचत होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. टॉवेल तिथेच होता.

"भयंकर आहे," ते हळूच म्हणाले. "आणि एकजूट बघा. ओळख पटू नये म्हणून चाळीस जणांनी ठरवून एकच खोटा नंबर टाकलाय. केवढी दहशत असेल मॅडमची."

मी तोंड उघडलं. सर, ते माझं आहे, एवढंच म्हणायचं होतं. प्रत्यक्षात मी म्हणालो, "प्रिंट काढू का?"

"काढा. आणि एक करा, हे मॅडमना आज घरीच सांगा. उद्या बाईंसमोर एकदम कळायला नको. तुम्ही नवरा आहात, तुम्हीच हळुवारपणे सांगू शकाल."

अशा रीतीने, मी हिच्याविषयी जे लिहिलं होतं ते इतर चाळीस जणांचं मत म्हणून हिला हळुवारपणे सांगायची जबाबदारी सरकारी कागदासारखी फिरून माझ्याच टेबलावर आली.

संध्याकाळी मी चहा केला (हा पुरावा आहे, पण तेव्हा तिच्या लक्षात आला नाही) आणि कागद तिच्यापुढे ठेवला. तिने वाचला. मग उत्तरपत्रिका तपासताना वाचते तसा बोट ठेवून परत वाचला.

"चाळीसच्या चाळीस?"

"हो."

"मॉनिटरनंसुद्धा? ती तर सुट्टीतपण गणितं घेऊन येते."

"आकडा तेवढाच आहे खरा."

"हा टॉवेल कुठून आला यात?"

"क्षेत्रफळात असेल," मी म्हणालो. "लांबी गुणिले रुंदी."

"हं," ती म्हणाली. आणि तिला ते पटलं. खरं सांगतो, मी घाबरलो तो इथे. मागच्या बाकावरच्या वहीतलं राहून गेलेलं वजाचं चिन्ह जिला फळ्यापासून दिसतं, तिला टॉवेलचं क्षेत्रफळ पटलं. म्हणजे ती त्या कागदाकडे बघतच नव्हती. ती त्या चाळीस तोंडांकडे बघत होती.

मग तिने कपाटातून जुना पेपर काढला, पिशवीतला लाकडी कंपास बाहेर घेतला आणि त्या पेपरात नीट गुंडाळला. दोऱ्याने बांधला. मी बघत राहिलो. ती काही बोलेल म्हणून मी वाट पाहिली. ती बोलली नाही. जेवतानाही नाही. बावीस वर्षं ज्या शांततेची मी मनातल्या मनात मागणी करत होतो ती आमच्या घरात येऊन बसली होती, आणि मला घास गिळवत नव्हता.

न राहवून मी एक प्रयोग केला. टॉवेल भिजवला आणि मुद्दाम पलंगावर टाकला. अगदी मधोमध, तिच्या उशीजवळ. ती आली, तिने तो उचलला, नेऊन दांडीवर वाळत घातला आणि दिवा मालवला. एक शब्द नाही. मी इतका हादरलो की अंधारात उठून स्वतःच तो टॉवेल दांडीवर सरळ केला.

सकाळी शाळेत जाताना स्कूटरवर मी धीर केला. "अगं, तो फॉर्म आहे ना…"

"नको," मागून ती म्हणाली. "मुलांनी खरं सांगितलं, एवढं पुरे आहे."

पुढे सिग्नल हिरवा झाला आणि माझा धीर लाल.

अकरा वाजता अध्यक्षबाई आल्या. हेडसर, अपडेट आणि अहवालाची फाईल घेतलेला मी, अशी वरात नववीच्या वर्गात शिरली. मी दाराशीच थांबलो. ही फळ्यापाशी उभी होती, हातात ती पेपरची गुंडाळी. मुलं आमच्याकडे आळीपाळीने बघत होती.

"तुमची मतं मी वाचली," ही म्हणाली. आवाज अगदी नेहमीचा. "मला राग आलेला नाही. फळा आज उतरेल. फक्त जाताजाता एक सांगा, मी तिसऱ्यांदा सांगायचे ते तुमच्यापैकी एकालाही नको होतं?"

पहिल्या बाकावरची मॉनिटर उभी राहिली. तास संपायला किती मिनिटं उरली हे ती न विचारता सांगते, म्हणून मुलं तिला 'घड्याळ' म्हणतात.

"मॅडम, कोणती मतं?"

"बुधवारी फॉर्म भरलात ना, ती."

"आम्ही भरला नाही, मॅडम. तो भरलेलाच होता. आम्ही फक्त खालचं हिरवं बटण दाबलं."

"न वाचता?" हे अध्यक्षबाईंनी विचारलं.

घड्याळ गोंधळली. "वाचायचं असतं का?" ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर चेष्टेचा मागमूस नव्हता. "टॅबवर काहीही उघडलं की आधी खूप लिहिलेलं येतं. मग खाली हिरवं बटण असतं. ते दाबलं की पुढे जाता येतं. आमच्या घरी बाबापण तसंच करतात. आजोबा वाचायला गेले होते एकदा, तर त्यांचा फोन तसाच बंद पडला."

बाई शेजारच्या बाकावर मटकन बसल्या. हेडसरांनी छताकडे पाहिलं. बाईंनी पर्समधला स्वतःचा फोन हळूच आणखी आत ढकलला, ते मी पाहिलं.

"मग आता वाच," बाई म्हणाल्या. "मोठ्याने."

घड्याळने कागद घेतला आणि माझं साहित्य भर वर्गात वाचायला सुरुवात केली. आवाज कमी करायच्या सोयीपर्यंत सगळे चिडीचूप होते. टॉवेल आला तेव्हा कुणीतरी फिस्सकन हसलं. चहा गार झाला तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "आम्हाला कुठे चहा मिळतो?"

"मॅडम, तुम्ही टॉवेल कधी शिकवलात?" घड्याळने विचारलं. "मी तर एक दिवसही गैरहजर नव्हते. आणि एक्केचाळीस नंबर आमच्यात नाहीच."

वाचन सुरू झाल्यापासून फळ्याकडे तोंड केलेली ही वळायला लागली. घाईने नाही. आधी काटकोनात, मग आणखी थोडी, मग आणखी, आणि बरोबर एकशे ऐंशी अंशांवर, जिथे दार होतं आणि दारात मी होतो, तिथे येऊन थांबली. तिच्याबरोबर चाळीस माना वळल्या.

माझ्याकडे दोनच शब्द होते. "ट्रायल होती," मी म्हणालो. "डिलीट करायची राहून गेली."

अपडेटने तेवढ्यात काहीतरी अपडेट होत असल्याचं सांगून बाहेर जायचा प्रयत्न केला. हेडसरांनी त्याचा शर्ट धरला.

"टॉवेलबद्दल मी तुम्हाला तीनदा सांगितलं होतं?" हिने विचारलं.

"हो."

"पहिल्यांदाच समजलं होतं?"

"हो."

"आणि तरी टॉवेल कुठे होता?"

"पलंगावर."

ती अध्यक्षबाईंकडे वळली. "म्हणून तीनदा सांगावं लागतं, बाई."

वर्ग असा काही हसला की शेजारच्या वर्गातले शिक्षक बघायला आले. मीही थोडा हसलो, कारण तिने गुंडाळीचा दोरा सोडायला घेतला होता.

बाई खमक्या. त्यांनी टॅब गोळा करायला लावले आणि मुलांना अर्धा अर्धा कागद वाटला. नाव नाही, नंबर नाही, जे वाटतं ते लिहा. कागदाला हिरवं बटण नसतं. मुलांची फार पंचाईत झाली; काहींनी तर कागद उलटून मागे बघितलं. शेवटी वीस मिनिटं त्यांना विचार करावा लागला.

दुपारच्या बैठकीत ते कागद वाचायचं काम, ऑफिसचं काम म्हणून, माझ्याकडेच आलं. आधी चाळायला वेळ मिळाला नाही. उघडत गेलो आणि वाचत गेलो.

एकाने लिहिलं होतं, टॅब मला आवडतो, आजारी होतो तेव्हा त्याच्यामुळे माझं काही बुडलं नाही. आणखी एकाने लिहिलं, पडद्यावरचे सर कधीच चुकत नाहीत. मॅडम मुद्दाम चुकतात आणि आम्हाला पकडायला लावतात. 'पडदा थांबवता येतो, पण कुठे थांबवायचा ते मला कळत नाही. मॅडमना माझ्या तोंडाकडे बघून कळतं.' आणि एका कागदावर नुसतं, 'फळ्यावरची चूक पुसली जाते. टॅबवरची चूक मेसेज होऊन घरी जाते.' हा कागद बाईंनी माझ्या हातातून घेऊन स्वतः पुन्हा वाचला. मग म्हणाल्या, फळा राहील. पडदा बाजूच्या भिंतीवर लावा, लागेल तेव्हा मॅडम वापरतील.

हिने मान खाली घातली होती. मांडीवर लाकडी कंपास होता आणि त्याच्या पायात ती नवा खडू बसवत होती. तो काही केल्या बसत नव्हता. डोळ्यांपुढे पाणी असलं की बसत नाही.

इथे थांबलो असतो तर गोष्ट छान संपली असती. पण कागदाच्या मागच्या बाजूला बाईंनी शेवटच्या एका प्रश्नाचं उत्तर आपल्या मनाने लिहून घेतलं होतं. 'शाळेतले कोणते काम यंत्राकडे द्यावे?'

मी वाचायला लागलो. "ऑफिसची खिडकी." पुढचा कागद. "ऑफिसची खिडकी. यंत्र 'उद्या या' म्हणत नाही." पुढचा. "ऑफिसकाकांचं काम. दाखल्यासाठी मी नऊ वेळा गेलो." माझा आवाज आपोआप कमी होत चालला. (म्हणजे माझ्यात ती सोय आहे.) "ऑफिस. यंत्राला डिलीट करता येतं." चाळीसपैकी छत्तीस. गोल चित्र काढलं असतं तर नखाएवढी फोड सोडून सगळा गोळा माझा होता. शिकवायला त्यांना माणूस हवा होता, यंत्र हवं होतं ते माझ्या खुर्चीवर.

गठ्ठ्यात आणखी एक कागद उरला होता. अक्षर पाहिलं आणि मी कागदाची परत घडी घालायला लागलो. हे अक्षर मी बावीस वर्षं सामानाच्या यादीवर वाचत आलोय.

"वाचा," बाई म्हणाल्या.

मी वाचलं. "ऑफिसकाकांच्या जागी यंत्र आणायला हरकत नाही. फक्त ते एकदा सांगितलेलं ऐकणारं असावं. हजेरी क्रमांक एक्केचाळीस."

बाईंनी बोटं मोजली. "मुलं चाळीसच आहेत ना? मग हा एक्केचाळिसावा कोण?"

खडू आता बसला होता. हिने कंपास उचलला आणि त्याचं टोक शांतपणे माझ्यावर रोखलं.

"हे आमचे ट्रायलचे, बाई," ती म्हणाली. "बावीस वर्षं झाली. डिलीट करायचे राहून गेलेत."